जिभेखालचा दोर

डॉक्टरांना लागली तीन मिनिटं,
मला सात महिने.
गावात नाव झालं ते कात्रीचं.
माझं नाव फक्त मंगळवारच्या रकान्यात, साडेचारला.

आंकुदच्या दवाखान्यात, चिलोए बेटावर,
आयलीन आली तेव्हा सहा वर्षांची होती
आणि स्वतःचं आडनाव तिला म्हणता येत नव्हतं.
बार्रिया.
मधला तो दुहेरी र, जो जिभेनं थरथरवायचा,
शीड वाऱ्यात फडफडतं तसा.
ती म्हणायची, बालिया.
आणि मग मुलं हसायच्या आधी स्वतःच हसायची.

जीभ दाखव म्हटलं, तर ओठांपलीकडे येईना.
टोक मधोमध आत ओढलेलं,
पत्त्यातला बदाम जसा.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
खरं आहे. पण कुणाकुणाला दोर असतो.

बाप, एलिसेओ, शिंपल्यांच्या शेतात कामाला.
समुद्रात टांगलेले दोर ओढायचे, खरवडायचे, कापायचे,
वीस वर्षं हेच.
त्या सकाळी कात्री मुलीच्या जिभेखाली गेली
तेव्हा तो खिडकीबाहेर पाहत राहिला,
फेरीबोटीची वेळ नसताना
फेरीबोटीची वाट पाहत.

रक्त दोन थेंब. दुपारी आइस्क्रीम.
रात्री त्याचा फोन:
"एलिसेओ बोलतोय. तुम्ही म्हणालात, सुटेल.
ती अजून तेच म्हणते."
आडनाव त्यानं सांगितलं नाही. कधीच सांगत नसे.

हे मी आधी सांगते, आणि हेच कुणी ऐकत नाही.
दावं कापलेलं वासरू
कितीतरी दिवस जुन्या खुंट्याभोवतीच चरतं.
काही मुलं दोरासकट र शिकली आहेत,
काहींना दोर कापूनही आला नाही.
मी हमी देत नाही. मी मंगळवार देते.

दातांच्या मागे, टाळूला,
बोटानं मानहार लावायचा, आटवलेल्या दुधाचा, गोड,
आणि जिभेच्या शेंड्यानं चाटून काढायचा.
घोड्याच्या टापा. टक टक.
मग त-द-त-द-त-द, भरभर, आणखी भरभर,
पाय घसरेपर्यंत.
तिला कंटाळा यायचा. मलाही यायचा.
एप्रिलभर तिनं नुसताच मानहार खाल्ला.

जूनमध्ये, खुर्चीवर उलटी बसून,
ती बापाच्या बोटीचं जुनं इंजिन करून दाखवत होती,
सुरू होत नाही ते, खोकणारं,
आणि इंजिन लागलं.
र्र्र्र.
तिनं तोंडावर हात ठेवला,
जणू खोलीत दुसरंच कुणी बोललं.

त्यांचा कुत्रा फाटकाशी बसायचा.
तेर्रेमोतो, म्हणजे भूकंप,
घरातले दिवे हलले त्या आठवड्यात जन्मलेला.
ती पायरीवर उभी राहिली, छाती भरून
हाक मारली: तेर्र्रेमोतो!
कुत्र्यानं मागे वळून पाहिलं,
ही कुणाला बोलावते आहे म्हणून.
पुन्हा हाक. पुन्हा.
मग तिनं माझ्याकडे पाहिलं, चोरी करताना पाहावं तसं,
आणि हळूच, जुन्या जिभेनं, म्हणाली:
तेलेमोतो.
तो धावत आला.

फाईलमध्ये मी लिहिलं, उच्चार स्पष्ट.
कुत्र्यासाठी तिथे रकाना नाही.

पुढच्या मंगळवारी एलिसेओ एकटाच आला.
मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला, गुडघे छातीशी,
गमबुटांना मिठाचा वास.
काही न बोलता तोंड उघडलं.
मी टॉर्च लावला. तसाच दोर, फक्त जाड,
बेचाळीस वर्षांचा.
"आडनाव सांगा," म्हटलं.
बराच वेळ तो टॉर्चकडे पाहत राहिला.
"कात्री नको," म्हणाला.
"मानहार चालेल."